पुढल्या साली

मिरचीच्या पथारीवर खोकणाऱ्या माणसाकडे कुणी मान वळवून बघत नाही. नंदुरबार जिल्ह्यात हिवाळ्यात ज्याने एकदा तरी पथारीवर पाय ठेवला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. मोकळ्या रानात लालभडक मिरची वाळत पडलेली असते, बायका ओळीने बसून देठं खुडत असतात, आणि जरा वारा सुटला की बारीक पूड सगळ्यांच्या नाकातोंडात जाते. मालकापासून मजुरापर्यंत सगळे खोकतात, डोळे पुसतात आणि पुन्हा कामाला लागतात. त्याला तिथे कुणी आजार म्हणत नाही. ठसका म्हणतात.

म्हसावदच्या योगेंद्र पाटलांची चूक झाली ती इथेच. त्यांची पथारी घराला लागूनच. मुलगी चेतना बारावी सायन्सला. थंडी पडली तशी ती पुस्तकं घेऊन उन्हात, देठं खुडणाऱ्या बायकांच्या शेजारी गोणपाटावर अभ्यासाला बसू लागली. पुढे तिला खोकला लागला. आई रूपालीने दोन-तीनदा विषय काढला, तेव्हा योगेंद्र हसला.

"काही नही वं, मिरचीना ठसका शे तो. मले दर साल व्हस, औंदा तिले व्हयना."

संक्रांत आली तरी ठसका जाईना. संध्याकाळी बारीक ताप यायचा. अंगावरचे ड्रेस सैल झाले, गळ्याची हाडं दिसू लागली. हळदीकुंकवाला आलेली एक शेजारीण म्हणाली, "पोर अभ्यासनी वाळी गई!" आणि खरं सांगायचं तर योगेंद्रला ते ऐकून बरंच वाटलं. वाचकहो, हसू नका. तुमच्या-माझ्या घरातही पोरगं अभ्यासाने सुकलं म्हटलं की आपली छाती दोन बोटं वर येते.

मग एका सकाळी चेतनाच्या रुमालावर रक्ताचा ठिपका दिसला आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शहाद्याला दवाखान्यात नेलं. एक्स-रे झाला, थुंकी तपासली.

"टीबी आहे," डॉक्टर म्हणाले. "घाबरण्यासारखं काही नाही. सहा महिने गोळ्या, चांगलं खाणं आणि आराम. पूर्ण बरी होईल. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. ही रोज ज्यांच्याजवळ बसते त्यांचीही करा."

"साहेब, फेब्रुवारीत हिचे बारावीचे पेपर आहेत," योगेंद्र म्हणाला.

"पुढच्या वर्षी देता येतील की!"

योगेंद्रने डॉक्टरांकडे असं पाहिलं, जणू त्यांनी शेत लिहून मागितलं होतं. त्याचा चेहरा बघून डॉक्टर म्हणाले, "बरं, औषध नीट लागू पडलं, अंगात ताकद आली, तर तेव्हाचं तेव्हा बघू. पण एकही गोळी चुकता कामा नये. चुकली तर आजार औषधाला दाद देईनासा होतो."

एवढ्या बोलण्यातलं योगेंद्रच्या कानात एकच शिरलं: तेव्हाचं तेव्हा बघू. म्हणजे पेपर द्यायचाच!

योगेंद्र वाईट माणूस नव्हता. मुलीवर त्याचा जीव होता. पण गावात कुणाच्या पोराला किती टक्के पडले हे त्या पोराच्या बापाआधी ज्याला ठाऊक असतं, असा एक माणूस प्रत्येक गावात असतो. म्हसावदला तो मान योगेंद्रचा होता. समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर वर्षी गुणवंतांचे फोटो हाच टाकायचा. "मन्ही चेतना कृषी पदवीले जाई, धुयाले," हे त्याने दिवाळीतच चार घरी सांगून ठेवलं होतं. आणि ज्यांची पोरं एखादं वर्ष मागे राहिली, त्यांच्याबद्दल त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "साल गयं ते गयं!" चुलतभावाची मुलगी अशीच बारावीला पेपर चुकली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं, तेव्हाही मांडवात उभा राहून तो हेच म्हणाला होता. चेतना तेव्हा शेजारीच उभी होती.

शहाद्याहून परतताना गाडीतच त्याने बायकोला बजावलं, "रूपाली, कोनले काही सांगानं नही. कोनी इचारं ते ठसका शे सांगानं. पोरना लगनना वय ई ऱ्हायना. टीबीनं नाव निंघनं ते ह्या घरना उंबरा कोन चढी?"

"नि पथारीवरल्या बायास्ले? डॉक्टर तपासाले सांगेत ना?"

"देखसुत मंग."

मागच्या सीटवर चेतना डोळे मिटून बसली होती. ती झोपलेली नव्हती.

योगेंद्र आणि रूपालीची तपासणी झाली, कुणाला काही निघालं नाही. चेतनाचा अभ्यास उन्हातून आतल्या खोलीत गेला. पथारीवरल्या बायकांचं 'मंग' मात्र मागेच राहिलं. गोळ्या सुरू झाल्या. सकाळी अनशापोटी गोळ्या घ्यायच्या, मग दुपारपर्यंत मळमळ, उलट्या, डोकं जड. चेतना रसायनशास्त्राचं एक पान चार वेळा वाचायची आणि पाचव्यांदा ते कोरं वाटायचं. बाहेरून वडिलांचा आवाज यायचा, फोनवर कुणाला तरी सांगत असायचे, "हा हा, तयारी जोरमा शे!"

त्याच सुमारास योगेंद्रची मोठी बहीण जमनाबाई खापरहून आली. नवरा वारल्यापासून मिरचीच्या हंगामात ती दर वर्षी भावाकडे येऊन राही. पथारीवर तिचा दरारा होता. वाळलेली मिरची नुसती मुठीत दाबून ती सांगायची, अजून एक ऊन हवं का नको. चेतनाच्या आजाराचं तिला आल्या दिवशीच कळलं. ती काही बोलली नाही. भाचीचं जेवणाचं ताट मात्र रोज स्वतः वाढायला लागली.

आणि ताट वाढणाऱ्या माणसाला जे दिसतं ते बाकीच्यांना दिसत नाही. पहिले काही दिवस पोरीला अन्नाचा वासही नको असायचा. मग एकाएकी उलट्या थांबल्या, ती झपाट्याने अभ्यास करू लागली, आणि योगेंद्र म्हणाला, "देखा, औषध लागू पडनं!" पण संध्याकाळचा ताप परत आला होता, खोकलाही. जमनाबाईने एका दुपारी खोलीचं दार लोटून घेतलं.

"चेतू, तू गोळ्या घेस का?"

"घेस ना फुई."

"मन्हाकडे देख नि सांग."

चेतनाने पुस्तकातून डोळे वर केले नाहीत. थोड्या वेळाने पानावर टपकन पाणी पडलं.

"गोळ्या पोटमा गयात का मन्हं डोकं फिरस, फुई. वाचेल काहीच ध्यानमा ऱ्हात नही. पेपर व्हई जावू दे, मंग घेसू ना मी. पक्की घेसू."

"मंग आते त्या गोळ्या कोठे जातस?"

"मोरीमा."

जमनाबाई तिच्याजवळ खाली बसली. "अवं माय! कसाले वं?"

"पप्पा काय सांगतस, आयकेल नही का तुम्ही? साल गयं ते गयं. औंदा पेपर नही दिना ते मन्हं शिकनं बंद. मंग लगन. मले माहीत शे फुई. पप्पाले सांगू नका ना, तुमना पाया पडस!"

जमनाबाईने तिला पोटाशी धरलं. मग उठली, डोळे पुसले, आणि थेट पथारीवर गेली. योगेंद्र तिथे पोती भरून घेत होता. बायका जेवायला झाडाखाली गेल्या होत्या.

"योगेंद्र, अठे ये. तुन्ही आंडेर औषध मोरीमा फेकी ऱ्हायनी."

योगेंद्रच्या हातातलं पोतं सुटलं. "काय? काबरं?"

"पेपरसाठे. गोळ्यास्नी डोकं फिरस म्हने, अभ्यास व्हत नही."

"येडी शे का ती? मरी जाई ना अशानी! चाल, मी देखस तिले..." तो तावातावाने घराकडे निघाला. जमनाबाईने त्याचा दंड धरला. साठीला आलेल्या बाईच्या हातात इतकी ताकद असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"तिले काय देखस? थांब. तिले आजारनी भीती नही, योगेंद्र. तिले तुन्ही भीती शे!"

"मन्ही? मी काय तिले मारस का आक्का? तिन्हाच भलासाठे सांगस ना? एक साल वाया गयं ते लोके काय म्हनतीन? नापास व्हयनी म्हनतीन. नही ते, काही तरी रोग शे म्हनतीन."

"रोग शेच ना! जे शे तेच म्हनतीन. त्यामा त्यास्नं काय चुकनं?"

जमनाबाई मिरचीच्या ढिगाशेजारी खाली बसली आणि त्यालाही बसवलं.

"मन्ही दहावी आठवस का तुले? नही आठवाव. तू तवय धाकला व्हता. मले टायफाइड व्हयना. पेपर तोंडवर. मन्हामा उठाना बी जीव नव्हता. आपला बाप खाटजोडे बठना नि सांगे, जमना, औंदा ऱ्हावू दे, पुढला सालले बसशी. त्यान्हं बरोबर व्हतं. आजारी पोरले पेपरले धाडतस का कोठे? मी बी हा सांगं. मी बरी व्हयनू. पुस्तके झटकीसन ठेयात. नि दिवाळी सरनी ते खापरना पाव्हना उनात."

तिने ढिगातली एक मिरची उचलून तिचं देठ खुडलं.

"चांगलं घर शे, पाव्हना चांगला शेत, बापनी सांगं. पुढलं साल कायनं? मी इचारं बी, बापा, मन्हा पेपर? तो हसना फक्त. योगेंद्र, आजारनी मन्हं एकच साल लिन्हं व्हतं. बाकीना साल घरना लोकेस्नी लिन्हात."

योगेंद्र तिच्याकडे बघतच राहिला. ही त्याची बहीण, जिला त्याने आयुष्यभर मिरचीचं, पाहुण्यांचं, लग्नकार्याचं विचारलं होतं. तिला कधीकाळी काही शिकायचं होतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"म्हनीसन मीच तुले सांगस," जमनाबाई म्हणाली. "औंदा तिन्हा पेपर ऱ्हावू दे. जीव ऱ्हायना ते पेपर कितलाबी देता येतीन. पण नुसतं 'पुढला सालले' सांगीसन मोकळा नको व्हवू. आपला घरमा त्याना अर्थ काय व्हस, ते त्या पोरले माहीत शे. म्हनीसन ती गोळ्या फेकस. तिले आसा शब्द दे, का तिन्हा इसवास बठी."

शब्द देणं सोपं असतं, असं आपल्याला वाटतं. योगेंद्रला घराच्या ओट्यावरून आतल्या खोलीपर्यंत जायला बराच वेळ लागला. त्याला समाजाचा ग्रुप आठवत होता, ज्यांना ज्यांना धुळ्याच्या कॉलेजचं सांगितलं ते सगळे चेहरे आठवत होते. पण दार उघडल्यावर समोर दिसली ती खांद्याची हाडं वर आलेली, भिंतीला टेकून पाठांतर करणारी पोर. हिला अभ्यासाने वाळली म्हणून आपण खूश झालो होतो! त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"चेतू, औंदा पेपर देवाना नही."

चेतनाने हातातलं पुस्तक मिटलं. "फुईनी सांगं का?"

"हा. आयक बेटा. आते बरं व्हवानं, दुसरं काही नही. पुढला सालले तू पेपर देशी. मंग धुयाले जाशी. नि तठलोंग ह्या घरमा तुन्हा लगननं नाव कोनी काढनार नही. मी बी नही."

फुईची दहावी चेतनाने जेवताना तिच्याच तोंडून ऐकली होती. ती हळूच म्हणाली, "फुईले बी असंच सांगेल व्हतं ना?"

योगेंद्रची मान खाली गेली. सतरा वर्षांची पोर आपल्या बापाला हे विचारते आणि बापाला 'हो' म्हणावं लागतं, यापेक्षा मोठी शिक्षा कोणती?

"सांगेल व्हतं," तो म्हणाला. "पाळं नही. मी पाळसू."

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन शहाद्याला गेला आणि डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. डॉक्टर रागावले. कुणावर रागवावं हे मात्र त्यांना बरोबर समजलं, ते योगेंद्रकडे बघूनच बोलले. पुन्हा तपासण्या झाल्या. औषधं अजून लागू पडतील असं निघालं, तेव्हा योगेंद्रने भर दवाखान्यात हात जोडले.

"आणि तुमच्याकडच्या मजूर बायका?" डॉक्टरांनी विचारलं. "त्यांची तपासणी झाली का?"

योगेंद्रने नकारार्थी मान हलवली. एवढे दिवस चेतनाशेजारी बसून ज्यांनी देठं खुडली, ज्यांनी तिला आपल्या कपातला अर्धा चहा दिला, त्यांना त्याने ठसक्याच्या नावाखाली अंधारात ठेवलं होतं. स्वतःच्या घरातल्या दोघांची तपासणी मात्र गुपचूप उरकली होती.

त्या दुपारी तो पथारीवर आला. बायका ओळीने बसल्या होत्या. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. जमनाबाई पोत्यांजवळ उभी राहून बघत होती. तिने काही मदत केली नाही.

"बायाओ, जरा काम थांबाडा. मन्ही चेतनाले ठसका नही. टीबी शे. मले इतला दिन माहीत व्हतं नि मी तुमले सांगं नही. ती तुमनाजोडे बठे. मन्हं चुकनं. तुमनी बठ्ठ्यास्नी तपासनी करनी पडी. मी सोता लई जासू."

दोघी-तिघी ताडकन उठल्या, लुगडी झटकून वाटेला लागल्या. एकीने जाताना शिवी घातली, आणि ती योगेंद्रने मुकाट्याने ऐकून घेतली, कारण ती त्याच्या वाट्याचीच होती. बाकीच्या एकमेकींकडे बघत बसून राहिल्या. मग मागच्या ओळीतून गुलाबबाई उठली. ती सातपुड्यातली, हंगामापुरती नवऱ्याबरोबर खाली कामाला आलेली, फारशी न बोलणारी बाई.

"दादा," ती म्हणाली, "मन्हा बी ठसका जात नही. आठे येवाना पयलेपाईन शे. रातले घाम येस."

"मंग सांगं काबरं नही?"

"कोनले सांगू? कामवरथीन काढी देतात ना मले. नि तुम्हीच ते सांगेत, मिरचीना ठसका शे."

तपासणीत गुलाबबाईला टीबी निघाला. तिच्यापासून चेतनाला लागला, का चेतनापासून तिला, का दोघींना आणखी कुठून, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं, आणि योगेंद्रने ते विचारलंही नाही. तिच्याही गोळ्या सुरू झाल्या. बाकीच्या बायका सुटल्या. ज्या उठून गेल्या होत्या त्यांच्या घरी योगेंद्र स्वतः गेला. त्यांतली एक परत कामावर आली, बाकीच्या आल्या नाहीत.

गावात बोलणं व्हायचं ते झालं. दोन घरांनी चहाला येणं सोडलं. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "पाटील, चेतनाची तयारी कशी काय?" योगेंद्रने लिहिलं, "चेतनाला टीबी झाला आहे. उपचार चालू आहेत. परीक्षा पुढच्या वर्षी देईल." ग्रुपवर दिवसभर कुणाचा अंगठासुद्धा उमटला नाही. संध्याकाळी मात्र एका गृहस्थाचा वेगळा फोन आला. त्यांच्या मुलाला झटके येत होते, ते कुणाला न सांगता त्याला परीक्षेला बसवणार होते. "काय करू, पाटील?" त्यांनी विचारलं. अशा किती घरांत किती पोरं आजार पोटात घालून पेपर लिहायला जात असतील! "लपवू नका," एवढंच योगेंद्र म्हणाला.

पहिल्या पेपरच्या सकाळी चेतनाच्या मैत्रिणी घरावरून सायकलींनी गेल्या. ती खिडकीत उभी राहून बघत होती. मग आत येऊन पांघरूण ओढून पडली आणि पोटभर रडली. कुणी तिला समजावायला गेलं नाही. रडण्यासारखंच होतं ते. दुपारी रूपालीने अंडं उकडून दिलं आणि तिने ते नाक मुरडत का होईना, खाल्लं.

दिवस गेले. गोळ्यांची मळमळ हळूहळू कमी झाली. उन्हाळ्यात तिला भूक लागायला लागली, आणि ती भूक अशी लागली की रूपाली लटक्या रागाने म्हणायची, "आते बठ्ठा गावना भाकरी आठेच थापू का?" पावसाळा सरता सरता डॉक्टर म्हणाले, "झालं. आता ही तुमच्या-माझ्यासारखी." धुळ्याला गेलेल्या मैत्रिणींचे फोटो ती मोबाईलवर बघायची, थोडी गप्प व्हायची, आणि परत पुस्तकाकडे वळायची. सगळं मार्गी लागलं होतं. गोष्ट इथेच संपली असती तर योगेंद्रला फार सोपं गेलं असतं.

पण शब्दाची खरी परीक्षा दिलेल्या दिवशी होत नाही. ती पुढे, सगळं विसरत आल्यावर, नेमकी चहाच्या कपांबरोबर समोर येते.

भाऊबीजेचा दिवस होता. जमनाबाई खापरहून आली होती, ताम्हनात दिवा लावून ओवाळायच्या तयारीत होती, तेवढ्यात दाराशी गाडी थांबली. निझरकडचे पाहुणे. घर तालेवार, केळीची बागायत, मुलगा इंजिनिअर. सगळ्यांच्या तोंडी नाव असलेलं स्थळ, आणि ते आपण होऊन आलेलं! योगेंद्र लगबगीने ओट्यावर गेला. टीबीचं गावभर झाल्यापासून त्याने मनातल्या मनात धरूनच ठेवलं होतं, की आपल्या पोरीला आता कुणी विचारणार नाही. आणि हे बघा, दारात!

चहा झाला. मुलाचे वडील मोकळेपणी म्हणाले, "पाटील, पोर आमनी देखेल शे. तुमनी हा व्हई ते तुळशीना लगननंतर लगेच बार उडाडी देवूत. पेपरनी काळजी करू नका, सासरथीन दी ती. आमनी काही आडकाठी नही."

किती गोड बोलणं! किती समजूतदार माणसं! रूपाली स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिच्या डोळ्यांत आशा होती, आणि कुणी तिला दोष द्यावा? योगेंद्रच्या जिभेवर 'हो' येऊन बसला होता. पेपर तर देणारच म्हणतात. मग हरकत काय? पोरीचं चांगलंच होतंय ना?

त्याची नजर आतल्या दाराकडे गेली. चेतना तिथे उभी होती. पण तिच्यापेक्षा त्याला दिसली ती तिच्या मागे ताम्हन घेऊन थांबलेली त्याची बहीण. जमनाबाई जमिनीकडे बघत होती. तिला पुढचं सगळं पाठ होतं. घर चांगलं, पाहुणे चांगले, आणि मग बापाचं ते हसणं.

योगेंद्रने कप खाली ठेवला.

"पाव्हना," तो म्हणाला, "पयले एक सांगस. मन्ही आंडेरले औंदा टीबी व्हयना व्हता. पुरी बरी व्हयनी, पण तुमले माहीत पाहिजे. नि दुसरं. फेब्रुवारीमा तिन्हा पेपर शेत. ते ती ह्याच घरमाईन दी. मंग धुयाले कॉलेजले जाई. तिन्हं शिकनं व्हवापावत मी तिन्हा लगननं बोलनार नही. मी तिले शब्द देयेल शे."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. टीबीच्या नावाने एकाचा हात चहाच्या कपावरून आपोआप मागे गेला. मुलाचे वडील मात्र म्हणाले, "खरं सांगं तुम्ही. आमले कोनी असं सांगत नही." नमस्कार झाले, गाडी गेली. पुढे त्यांच्याकडून निरोप आला नाही, आणि या घरानेही वाट पाहिली नाही.

रूपालीने चहाचे कप उचलून आत नेले. मग तिने चेतनाला जवळ ओढलं आणि म्हणाली, "जा, अभ्यास कर. आते मन्हं नाक कापू नको फक्त." चेतना रडत रडत हसली.

जमनाबाईने भावाला पाटावर बसवलं. तिने त्याला ओवाळलं. योगेंद्रने ओवाळणीचं पाकीट आणि साडी ताम्हनात ठेवायला पुढे केली. तिने ती बाजूला सारली.

"मन्ही ओवाळणी मले भेटी गई, भाऊ."

"आक्का, ते ते चेतूसाठे..."

"नही," ती म्हणाली. "आते तू जे सांगं ना पाव्हनास्ले, ते मी ह्याच घरमा, त्याच दारमांगे उभी ऱ्हाईसन आयकाले थांबेल व्हतू. तवय कोनी सांगं नही. आज आयकं."

आणि ती पदरात तोंड लपवून मोठ्याने रडली, जशी एखादी शाळकरी पोर रडते. योगेंद्र पाटावरून उठला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपल्या मोठ्या बहिणीचे पाय धरले.

चेतनाने फेब्रुवारीत पेपर दिले. आता ती धुळ्याला कृषी महाविद्यालयात आहे, बरोबरच्या मुलींपेक्षा एका वर्षाने मोठी, आणि ते तिथे कुणाच्या लक्षातही येत नाही. गुलाबबाईही बरी आहे.

वाचकहो, तुमच्याही घरात एखादं पोर परीक्षेच्या तोंडावर आजारी पडेल. तेव्हा घाबरू नका आणि लपवू नका. लपवलेला आजार आपल्या पोरालाही खातो आणि शेजारच्यालाही. पेपर खुशाल पुढे ढकला, तो पळून जात नाही. पण ज्या तोंडाने त्या पोराला 'पुढल्या साली' म्हणाल, त्याच तोंडाने ते पुढलं साल उजाडेपर्यंत त्याच्या दारात पहारा द्या. आजार फार तर एक वर्ष नेतो. बाकीची वर्षं पोरांच्या हाती ठेवायची की नाही, हे आपण घरातली माणसं ठरवतो.